आखाजीला माहेरी गेले आणि घरच्यांनी झाडं 'सांभाळली'

पत्र असं आहे (थोडं आटोपतं केलंय, नाव-गाव वाचकाच्या परवानगीने अर्धवट ठेवलंय):

"ताई, मी धुळ्याला राहते. गच्चीवर पन्नासेक कुंड्या आहेत, सगळ्या मी जमवलेल्या. माहेर जळगावजवळच्या असोद्याकडचं, तिथून भरीताच्या वांग्याचं बी आणून दरवर्षी दोन ग्रो बॅगमध्ये लावते. यंदा एक चांगलं वांगं बियासाठी झाडावरच ठेवलं होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस माहेरी गेले. जाताना ह्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहून दिलं, कुठल्या कुंडीला किती पाणी वगैरे. सासू-सासरे तेव्हाच गावाहून आले होते. परत आले तर आप्पांनी (सासरे) प्रत्येक कुंडीत मूठभर युरिया टाकलेला. आईंनी (सासूबाई) रेन लिलीच्या तीन कुंड्या गवत समजून उपटून साफ केलेल्या, आणि ते बियाचं वांगं पिवळं पडलं, सडलं म्हणून तोडून गाईला घातलं. ह्यांनी अ‍ॅडेनियमला (जाड बुडाचं, कमी पाण्यावर जगणारं झाड) दोन्ही वेळा पाणी घातलं, तेही दुपारी. मोगरा, कढीपत्ता, गुलाब, वांगी सगळं करपलंय. मी काहीच बोलले नाही, खाली येऊन रडले. आता १२ दिवस झाले, गच्चीवर जातच नाही. आई शेजारी सांगतात की सून झाडांसाठी फुगलीय. हे म्हणतात झाडंच आहेत ना, नर्सरीतून नवीन आणू. पुढच्या महिन्यात नाशिकला लग्न आहे, तेव्हा गच्चीला कुलूप लावून जावं का? आणि कोणाचं मन न दुखवता हे सांगू कसं?"

ताई, मन नंतर. आधी उठा आणि गच्चीवर जा, कारण तुमच्या पत्रात करपलंय लिहिलंय, मेलंय असं नाही लिहिलेलं, आणि ह्या दोन्हीत खूप फरक असतो. बारा दिवस तुम्ही वर गेला नाहीत म्हणजे त्या बारा दिवसांत झाडांना पाणी कोण देतंय? तेच लोक ना? मग रुसवा कोणाला पडतोय महागात ते बघा.

वर गेल्यावर नखाने बुडाशी खोड जरा खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, वरची पानं काय वाट्टेल ती दिसू देत. कढीपत्ता आणि मोगरा ही फार चिवट झाडं, बुडापासून परत फुटतात, मी त्यांची काळजी करणार नाही. गुलाबाचं सांगता येत नाही, कलमाच्या जोडाच्या वर हिरवं राहिलं असेल तर ठीक, जोडाच्या खालून फुटलं तर ते जंगली गुलाबाचं फुटतं, त्याला तुमची फुलं येणार नाहीत. वांग्याचं मात्र लक्षपूर्वक बघा. बुडाशी हिरवं असेल तर वीतभर ठेवून वरचं सगळं छाटून टाका, वांग्याचा खोडवा (छाटल्यावर परत फुटून येणारं पीक) चांगला येतो हे तुमच्या माहेरी कोणालाही विचारा.

मग युरिया धुवायचा. वरची दोन बोटं माती काढून टाका, दाणे दिसत नसले तरी काढा. नंतर कुंडीत हळूहळू पाणी ओतत राहा, खालच्या भोकातून भरपूर निघेपर्यंत, अर्धा तास थांबा, परत तेच, असं तीन-चारदा. मे महिन्यात धुळ्यात एवढं पाणी कुठून आणायचं हा प्रश्न तुम्ही विचारणारच, तर ज्या झाडांचं खोड हिरवं आहे तेवढ्यांनाच द्या, मेलेल्यांवर पाणी घालू नका. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालेल (मीठ घातलेलं नको). कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र घालू नका, बरेच लोक घालतात, दिवसभर पाणी उडून उडून क्षार सगळे त्या उरलेल्या पाण्यात गोळा झालेले असतात आणि तुमच्या कुंडीत आधीच खारटपणाचं दुखणं आहे. आणि पुढचे तीन आठवडे कुठलंही खत नाही, शेणखत नाही, गांडूळखत नाही, कोणी काढा-बिढा सांगितला तर तोही नाही. झाडं सावलीत ओढा किंवा हिरवी नेट टाका. वाट बघा.

अ‍ॅडेनियमचं बूड दाबून बघा. कडक असेल तर पाणी बंद करून विसरून जा त्याला. मऊ लागलं तर लगेच कुंडीतून उपसायचं, मुळं धुवायची, जे तपकिरी आणि लिबलिबीत आहे ते स्वच्छ सुरीने पांढरा-हिरवा कडक भाग लागेपर्यंत कापत जायचं, कापलेल्या जागी बुरशीनाशक पावडर लावायची आणि सावलीत चार-सहा दिवस तसंच उघडं वाळू द्यायचं, मग वाळू-विटेचा चुरा जास्त असलेल्या मातीत. लोकांना हे उघडं वाळवणं जमत नाही, जीव तुटतो, पण तसंच करावं लागतं.

बरं. आता माणसं.

तुमच्या पत्रात तिघं आरोपी आहेत आणि तुम्ही तिघांना एकाच पारड्यात टाकलंय. माझ्या मते तिघांचं तीन वेगळं आहे.

आप्पांपासून सुरू करू. शिंदखेडा-शिरपूरकडच्या किंवा कुठल्याही कापूसवाल्या माणसाने पिवळी पडलेली रोपं बघितली की हात आपोआप युरियाच्या गोणीकडे जातो. आयुष्यभर त्यांनी तेच केलं आणि ते बरोबरच होतं. "दोन मूठ टाक, बठ्ठं हिरवंगार हुई जाई" हे त्यांच्या तोंडचं वाक्य मला इथे बसून ऐकू येतंय. त्यांना शेतीतलं कळत नाही असं चुकूनही वाटू देऊ नका, कारण त्यांना तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना फक्त कुंडी कळत नाही. शेतात जास्तीचं खत खाली जातं, बाजूला जातं, मुळं दुसरीकडे पळू शकतात. प्लॅस्टिकच्या बारा इंचीत मूळ पळणार कुठे? युरिया त्या तापलेल्या ओल्या मातीत विरघळतो, त्याचा अमोनिया होतो आणि मुळं जळतात, शिवाय मातीत क्षार एवढे वाढतात की मुळं पाणी ओढण्याऐवजी मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून पानाच्या कडा आधी करपतात.

हे त्यांना मुळं-अमोनिया असं सांगू नका. हिशोब सांगा. शेतकऱ्याला हिशोब पटतो. युरियाची गोणी ४५ किलोची. एकर म्हणजे ४० गुंठे, गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे एकरात ४३,५६० चौरस फूट. एकरी एक गोणी टाकली तर चौरस फुटाला किती पडला? साधारण एक ग्रॅम. आपली कुंडी चौरस फुटाचीही नाही. आणि मुठीत तीस-चाळीस ग्रॅम सहज बसतो. म्हणजे आप्पांनी एकरी तीस-चाळीस गोण्या टाकल्या. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणा आणि गप्प बसा. बघा काय होतं. मला पैज लावायची सवय नाही पण ते स्वतःच कपाळावर हात मारतील, आणि संध्याकाळी पारावर, सॉरी कॉलनीतल्या बाकावर, दुसऱ्या म्हाताऱ्यांना तेच एकरी चाळीस गोण्यांचं गणित समजावत बसलेले दिसतील. मन दुखावणं राहिलं बाजूला.

सासूबाईंचं थोडं नाजूक आहे कारण तिथे नुकसान दोन प्रकारचं झालंय. रेन लिलीचं मला काही वाटत नाही, खरंच. ती पातळ पानं गवतासारखीच दिसतात, निंदणीला गेलेली कुठलीही बाई ते उपटणारच, न उपटणारी बाई दाखवा. तीन कुंड्या निंदल्या म्हणजे त्या उन्हात वाकून बसल्या असतील हेही बघा. विचारा त्यांना उपटलेलं कुठे टाकलं ते. गच्चीच्या कोपऱ्यात ढीग असेल तर हरभऱ्याएवढे-बोराएवढे कांदे त्यात सापडतील, ते इतक्यात मरत नाहीत, परत मातीत घाला, मृगाचा पाऊस पडला की फुटतील. (आणि नशीब म्हणा ते कांद्याची पात म्हणून ठेच्यात नाही गेले, रेन लिलीचे कांदे पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. घरात लहान मुलं असतील तर कुंडी उंचावर ठेवा.)

दुःख आहे ते वांग्याचं. तुम्ही पत्रात ते एका वाक्यात उरकलंय आणि गुलाबा-मोगऱ्याच्या रांगेत बसवलंय, पण मला वाटतं तुम्ही खाली येऊन रडलात ते त्या वांग्यासाठीच. गुलाब नर्सरीत मिळतो. माहेरून आलेलं, दरवर्षी तुमच्या हाताने राखलेलं बी नर्सरीत मिळत नाही. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय वगैरे ते सगळं ठीक, पण ते तालुक्यांना आणि शेतकऱ्यांना मिळालंय, तुमच्या ग्रो बॅगमधलं बी हे तुमच्या आईच्या की आजीच्या घरचं आहे आणि ते तुमच्या नवऱ्याला "झाडंच आहेत ना" ह्या खात्यात टाकता आलं कारण तुम्ही त्याला कधी सांगितलंच नाही की हे काय आहे.

आता इथे मी जरा कडक बोलणार आहे, रागवू नका. सासूबाईंना बियाचं फळ कळत नाही असं होऊच शकत नाही. ज्या बाईने आयुष्यभर घरचं बी राखलंय, काकडीचं, गिलक्याचं, वांग्याचं, तिला माहितीये की बियाला ठेवलेलं वांगं पिवळं पडतंच, पडायलाच पाहिजे, त्याशिवाय बी पक्कं होत नाही. पण ती हे शेतात ओळखते. तिथे त्या फळाला चिंधी बांधलेली असते, नाहीतर घरात सगळ्यांना तोंडी माहिती असतं की त्या ओळीतलं ते फळ तोडायचं नाही. शहरातल्या सुनेच्या गच्चीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक पिवळं वांगं लटकतंय, तिला वाटलं की सुनेला तोडायला वेळ नाही मिळाला. वाया जाण्यापेक्षा गाईच्या तोंडी. तुम्ही लाल दोरा बांधला असता ना त्या देठाला, तर त्यांनी त्या वांग्यावर दिवसभर पहारा दिला असता आणि आप्पांनाही जवळ येऊ दिलं नसतं.

म्हणून त्यांना सांगायचं ते एवढंच. "आई, ते वांगं मी बियासाठी ठेवलं होतं, माझ्या माहेरचं बी होतं ते, मला फार वाईट वाटलं." बस. "तुमची चूक नाही हो" असं पुढे जोडू नका लगेच, आपल्याला ती सवय असते. आणि "तुम्हाला कळत कसं नाही" हेही नाही. त्या दोन मिनिटं गप्प होतील. मग बहुतेक म्हणतील की अगं बाई मला का नाही सांगितलं. ते ऐकून घ्या कारण त्यांचं बरोबर आहे. सध्या त्यांना फक्त एवढंच दिसतंय की सून माहेरहून आली आणि बोलेनाशी झाली, आता आखाजीला माहेरी जाऊन आलेली सून तोंड फुगवून बसली की सासूच्या डोक्यात पहिला विचार झाडांचा येतो का? त्यांना वाटत असणार माहेरच्यांनी काहीतरी शिकवून पाठवलं. झाडांसाठी फुगली असं त्या शेजारी सांगतायत ते कदाचित स्वतःचीच समजूत घालतायत.

आता राहिले हे.

ह्यांच्यावर मात्र मला राग आहे आणि तुम्हाला सगळ्यात कमी राग ह्यांचाच दिसतोय, पत्रात त्यांच्यासाठी जेमतेम तीन वाक्यं आहेत. आप्पांना माहिती नव्हतं, आईंना माहिती नव्हतं, ह्यांच्याकडे लिहून दिलेलं होतं. माझा अंदाज सांगू? तुम्ही मेसेज पाठवला, त्यांनी खाली अंगठा टाकला, आणि विषय संपला. वाचलाच नाही. वाचला असता तर अ‍ॅडेनियमला दोन वेळा पाणी गेलं नसतं, आणि आप्पा युरियाची पिशवी घेऊन जिना चढत होते तेव्हा कोणीतरी म्हणालं असतं की थांबा, तिला एक फोन करू. घरात तुम्हाला फोन करू शकणारा माणूस तोच होता. शिवाय दुपारी पाणी! गच्चीवर पडलेल्या काळ्या पाईपमध्ये मे महिन्यात जे पाणी साचलेलं असतं त्याने हात भाजतो, चहाला आधण ठेवायची गरज नाही इतकं ते तापतं, आणि पहिली बादलीभर तेच जातं झाडांच्या मुळाशी. पहिलं पाणी मोरीत सोडून द्यायचं, आणि द्यायचं ते सकाळी सातच्या आत. हे त्यांना सांगा, न हसता सांगा.

आणि "नवीन आणू" ह्याला तिथल्या तिथे उत्तर द्या. भांडण नको, पण उत्तर हवं. "आणू. गुलाब आणि मोगरा तू आणायचा, पैसेही तुझे, आणि माती-कुंडीही तूच भरायची. वांग्याचं बी मिळत नाही, ते मिळवायला मला माहेरी जावं लागेल, तेव्हा मुलांचं आणि घराचं तू बघायचं." बायका इथे उगाच मोठं मन करतात आणि मग दहा वर्षं तो विषय भाकरी थापताना आठवत राहतो. (तुम्ही नवऱ्याला अहो म्हणत असाल तर वाक्य तसं बदलून घ्या, हुकूम तोच ठेवा.)

कुलपाचं विचारलंत. नको. कुलूप लावलंत तर नाशिकहून येईपर्यंत झाडं तशीही मरतील, आमच्या खान्देशातल्या उन्हात चार दिवस बिनपाण्याची कुंडी टिकत नाही, म्हणजे कोणाला तरी चावी द्यावीच लागणार, आणि शेजारणीला दिलीत तर सासूबाईंचा जो अपमान होईल तो युरिया धुतल्यासारखा धुता येणार नाही. उलट करा. गच्ची वाटून द्या.

आपल्याकडे आखाजीला सालदार (वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी) ठरतात, कोणाचं काम काय आणि कोणाच्या ताब्यात काय हे त्या दिवशी वर्षाचं पक्कं होतं. तुमची आखाजी हुकली, हरकत नाही, आता ठरवा. (आप्पांना सालदार म्हणू नका फक्त, मालक म्हणा.) पाण्याच्या टाकीकडची बाजू, जिथे ऊन भरपूर आहे तिथे दोन-तीन मोठे ड्रम किंवा मोठ्या बॅगा आप्पांच्या. तिथे ते गिलकं लावोत, दोडकं लावोत, चवळी लावोत, मनाला येईल ते खत घालोत, मरू दे नाहीतर मांडव भरू दे, तुम्ही त्यात बोलायचं नाही. हे महत्त्वाचं आहे, तुम्ही बोलायचं नाही. शेती सोडून शहरात येऊन बसलेल्या माणसाला हात चालवायला जागा लागते, ती तुम्ही दिली नाही तर तो तुमच्या कुंड्यांत शोधतो, तेच झालंय. सासूबाईंना तुळस, जास्वंद आणि मोगरा, म्हणजे पूजेची फुलं त्यांच्या हातात, निंदणीही तेवढ्याचीच.

उरलेल्या तुमच्या. आणि तुमच्या कुंड्यांना खूण पाहिजे. इंग्रजी नावाच्या त्या छोट्या पाट्या घालू नका, त्या दिसायला छान असतात आणि घरात कोणी वाचत नाही. अ‍ॅडेनियमसारख्या कमी पाण्यावाल्यांच्या कडेला ऑइल पेंटचा लाल पट्टा मारा, लाल म्हणजे मला विचारल्याशिवाय हात नाही, पाणीही नाही. पांढरा पट्टा म्हणजे रोज पाणी. दोनच रंग ठेवा, तिसरा आणलात की सगळा गोंधळ. लाल पट्टेवाल्या सगळ्या एका कोपऱ्यात गोळा करून ठेवा म्हणजे नाशिकला जाताना फोनवर "लाल सोडून सगळ्यांना" एवढंच सांगावं लागेल आणि अंगठा टाकणाऱ्यालाही ते जमेल. युरियाची पिशवी घरात उरली असेल तर गावी पाठवून द्या, तिथे तिचा उपयोग आहे.

शेवटी वांग्याचं. तुमच्या झाडाचं बूड हिरवं निघालं तर छाटणीनंतर फुटेल, त्यावर येईल त्या पहिल्या चांगल्या फळाला दोरा बांधा, सासूबाईंच्या हाताने बांधून घ्या. दोन्ही बॅगा गेल्या असतील तर आजच माहेरी फोन लावा. वहिनीला विचारा, काकूंना विचारा, तुम्हीच कोणाला कधी त्या वांग्याचं बी दिलं होतं का ते आठवा, असं बी गावात एकाच घरात सहसा राहत नाही, कोणाच्या तरी डब्यात राख लावून पुडी ठेवलेली असते. रोपं टाकायला पाऊस सुरू होईपर्यंत वेळ आहे, हिवाळ्याच्या भरीताला ते पुरतं. मिळालं तर सगळं लावू नका, अर्धं डब्यात ठेवा, आणि त्यातलं चिमूटभर सासूबाईंकडे द्या गावच्या मळ्यात लावायला.